न वाचता केलेली सही

गेल्या महिन्यात आमच्या एका जुन्या ग्राहकाने माझ्यासमोर बसून अंतिम प्रूफवर न वाचता सही केली. आमचा व्यवसाय पुठ्ठ्याची छापील खोकी बनवण्याचा आहे, आणि मजकूर छपाईला जाण्यापूर्वी ग्राहकाने प्रूफ तपासून त्यावर सही करायची, हा या धंद्यातला जुना नियम आहे. पुढे एखादे अक्षर चुकलेले निघाले तर ते कोणाच्या खात्यावर जाणार, हे त्या सहीवरून ठरते. या गृहस्थांनी कागद पुढे ओढला, खालचा कोपरा शोधला, सही केली आणि पेनला टोपण लावले. खोके औषधाचे होते, म्हणून मी म्हटले, "मात्रेचा मजकूर तरी एकदा नजरेखालून घाला." ते हसून म्हणाले, "ताई, तुम्ही बघितलंय ना? मग मी आणखी काय बघायचं?" त्यांच्या दृष्टीने तो माझा सन्मान होता आणि क्षणभर मलाही तो तसाच वाटला. ते गेल्यावर मात्र तो कागद बराच वेळ टेबलावर पडून राहिला. ताज्या शाईचा उग्र वास, सहीच्या शेवटी सहज ओढलेली लांब रेघ, आणि आनंदाच्या खालून हळूहळू वर येणारी एक अस्वस्थता. कागदावर जबाबदारी त्यांची झाली होती. प्रत्यक्षात त्यांनी ती सगळी माझ्याकडे सोपवली होती, आणि ती नाकारण्याची संधीही मला मिळाली नव्हती. त्या संध्याकाळी एका सहकाऱ्याच्या हाती मूळ प्रत देऊन मी तो मजकूर मोठ्याने पुन्हा वाचला. चूक नव्हती. अस्वस्थता मात्र तशीच राहिली.

ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षे झटले, ती हाती आल्यावर भीती का वाटावी?

सुरुवातीच्या काळात माझ्या शब्दाला काहीच वजन नव्हते. नवे ग्राहक कार्यालयात येत, माझ्याकडे पाहत आणि विचारत, "मालक कुठे आहेत?" मालक मीच आहे हे कळल्यावरही त्यांचे तांत्रिक प्रश्न माझ्या शेजारी उभ्या असलेल्या यंत्रचालकाला जात, उत्तर मी देई आणि ते मान त्याच्याकडे पाहून डोलावत. नमुन्याच्या खोक्याची प्रत्येक बाजू मोजली जाई. मायक्रोमीटरमध्ये पुठ्ठा धरून त्याची कळ फिरवल्यावर होणारा बारीक कटकट आवाज मला अजूनही ओळखू येतो. त्या तपासणीचा मला राग येई, कारण माझ्याच वयाच्या पुरुष व्यावसायिकांचे नमुने न मोजता पुढे सरकताना मी पाहिले होते. व्यवसायातली विश्वासार्हता कशी कमवावी याविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात ही गोष्ट फारशी येत नाही. कोणाला ती आडनावाबरोबर मिळते, कोणाला वडिलांच्या ओळखींबरोबर. कोणाला मात्र आधी संशयाच्या खात्यातली बाकी फेडावी लागते आणि मग कुठे कमाईला सुरुवात होते. तो राग माझ्यात अजून थोडा शिल्लक आहे आणि तो राहू द्यावा असेच मला वाटते. एखादी नवी उद्योजिका माझ्याकडे माल विकायला येते, तेव्हा त्या रागामुळेच माझे प्रश्न तिलाच विचारले जातात, तिच्याबरोबर आलेल्या माणसाला नाहीत.

अर्थात त्या ग्राहकांचा संशय सर्वस्वी अनाठायी होता असेही नाही, कारण आमच्या व्यवसायात फसवणे फार सोपे आहे. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा पुठ्ठा सांगून २८०चा वापरला तर बोटांना फरक कळत नाही. छपाई दोन्हींवर सारखीच चकाकते. फरक कळतो तो काही आठवड्यांनी, गोदामात खोक्यांवर खोकी रचल्यावर, हवा दमट असताना, सर्वांत खालच्या थरातले कोपरे दबू लागतात तेव्हा. आणि तोपर्यंत दोष रचणाऱ्यावर, हवेवर किंवा वाहतुकीवर ढकलता येतो. पुठ्ठ्याच्या तंतूंनाही एक दिशा असते. आखणी फिरवून घेतली तर कधी कधी एका शीटमधून एखादे खोके जास्त निघते, पण मग भरलेल्या खोक्याच्या बाजू फुगतात. ऑर्डर देताना ग्राहकाला यातले काहीही दिसत नाही. १९७० मध्ये जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हेच मांडले होते: मालाचे खरे स्वरूप विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सरासरी मालाचीच किंमत देऊ करतो, त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही, चांगले विक्रेते बाहेर पडतात आणि बाजारात खराब माल उरतो. तीन नियतकालिकांनी तो निबंध नाकारला होता; पुढे २००१ मध्ये अ‍ॅकरलॉफ यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले ते याच दिशेच्या कामासाठी. हा विचार मी प्रथम वाचला तेव्हा ती मला माझ्याच कोटेशनांची कहाणी वाटली. योग्य जाडीच्या पुठ्ठ्याचा दर दिला की ऑर्डर हातची जाई, आणि ती ज्यांच्याकडे जाई ते कमी जाडीचा पुठ्ठा वापरत आहेत हे मला सिद्ध करता येत नसे. अशा वेळी प्रामाणिक माणसाच्या हाती एवढेच असते की, फरक उघडा पडेपर्यंत तग धरावा आणि तग धरण्यापुरते पैसे जवळ राखावेत. प्रामाणिकपणाचे फळ मिळते असे म्हणतात. मिळतेही, पण ते फार उशिरा येते, आणि मधल्या काळाच्या खर्चाविषयी कोणी बोलत नाही.

त्या काळात मी एक साधी गोष्ट सुरू केली. प्रत्येक खेपेबरोबर त्याच शीटमधून कापलेला, दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा एक चौकोनी तुकडा पाठवायचा. ३०० जीएसएमच्या पुठ्ठ्याचा असा तुकडा बरोबर ३ ग्रॅम भरतो आणि २८०चा २.८ ग्रॅम, त्यामुळे एखादा नाजूक तराजू जवळ असेल तर कोणालाही माझे बोलणे पडताळून पाहता येईल. फार थोड्यांनी तो तुकडा कधी वजन केला असेल. तरीही काही महिन्यांनी मोजमापांचा तो सोहळा कमी झाला, कारण खोटे बोलणारा माणूस स्वतःहून पुरावा हातात ठेवत नाही एवढे लोकांच्या ध्यानात आले. आता लक्षात येते की, न वाचता केलेल्या त्या सहीकडे जाणारा रस्ता इथूनच सुरू झाला. पडताळणीची सोय मीच करून दिली, आणि ती सोय आहे म्हणूनच लोकांनी पडताळणे सोडले.

पूर्वी माझी अशी समजूत होती की, ग्राहक आपल्याविषयीचे मत आपल्या कामावरून बनवतात. ते अंशतःच खरे आहे. बहुतेक जण आपल्याकडे येण्यापूर्वी दुसऱ्या कोणाला तरी विचारतात, आणि ज्याला विचारतात तो अनेकदा आपला ग्राहक नसतोच. तो आपल्याला पुठ्ठा विकणारा असतो, आपला माल वाहणारा असतो, आपल्याकडची नोकरी सोडून गेलेला असतो. पुरवठादाराचे पैसे ठरल्या तारखेला जातात की त्याच्या माणसाला चकरा माराव्या लागतात, बिघाड यंत्राचा असताना मालक कामगारावर ओरडतो का, या गोष्टी मागच्या दाराने बाहेर पडून बाजारात आपल्या आधी पोचतात. अकराव्या शतकात भूमध्य समुद्राच्या काठाने व्यापार करणाऱ्या मगरिबी यहुदी व्यापाऱ्यांची पत्रे जुन्या कैरोतल्या एका प्रार्थनागृहाच्या कोठडीत सापडली. दूरच्या बंदरातला माल ते अशा प्रतिनिधींच्या हवाली करत, ज्यांच्यावर देखरेख ठेवणे अशक्य होते. अव्हनर ग्राइफ या अर्थशास्त्रज्ञाने त्या पत्रांवरून असे मांडले की, एकाला फसवणाऱ्या प्रतिनिधीची बातमी पत्रांतून इतरांपर्यंत जाई आणि मग त्याला कोणीच काम देत नसे. सगळा व्यवहार या धाकावर उभा होता. इतर काही अभ्यासकांच्या मते यात न्यायालये आणि लेखी करार यांचाही मोठा वाटा होता. माझ्या अनुभवाला दोन्ही बाजू पटतात. करार हवाच, पण मी आजवर ज्यांच्याशी व्यवहार टाळला, त्यांना टाळण्याचे कारण कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते. ते मला कोणीतरी बोलता बोलता सांगितले होते, आणि माझ्याविषयीही कोणीतरी कुठेतरी असेच बोलत असणार.

विश्वासार्हता सर्वांत जास्त कशाने झिजते असे मला कोणी विचारले तर मी फसवणुकीचे नाव घेणार नाही. फसवणारे थोडे असतात. "होऊन जाईल" असे म्हणणारे पुष्कळ असतात आणि ते बहुधा सज्जन असतात. समोरच्याचे मन मोडू नये म्हणून ते तारीख देतात. ती देताना यंत्राचे वेळापत्रक पाहत नाहीत, समोरच्याचा चेहरा पाहतात. मला स्पष्ट नकार देणे हळूहळू जमू लागले. एका मोठ्या ग्राहकाला खोक्यांवर सोनेरी वर्खाची बारीक नक्षी हवी होती, आणि आमच्या यंत्रावर तितके बारीक काम हमखास उतरत नाही हे मला ठाऊक होते. मी त्यांना हे काम उत्तम करणाऱ्या आमच्या प्रतिस्पर्ध्याचे नाव सांगितले. अशा गोष्टींच्या शेवटी तो ग्राहक कृतज्ञतेने दुप्पट काम घेऊन परत येतो. हा ग्राहक परत आला नाही; तो तिकडेच रमला आणि आपले साधे कामही पुढे त्यांनाच देऊ लागला. त्याचे मला वाईट वाटले आणि अजूनही वाटते. नकाराची किंमत दर वेळी वसूल होत नाही. वसूल होणार असेलच तर तो नकार कसला, तीही मग एक विक्रीच झाली.

या संदर्भात मला आर्थर अँडरसन या नावाचा विचार वारंवार छळतो. या हिशेबतपासनिसाने १९१३ मध्ये शिकागोत आपली संस्था सुरू केली. एका बड्या ग्राहकाने सोयीच्या हिशेबांवर सही मागितली, अँडरसन यांनी ती नाकारली, ग्राहक गमावला, आणि पुढे तो ग्राहकच बुडाल्यावर त्या नकाराची कीर्ती झाली, अशी हकिकत त्यांच्याविषयी सांगितली जाते. अशा पायावर उभी राहिलेली ती संस्था जगातल्या पाच सर्वांत मोठ्या लेखापरीक्षण संस्थांपैकी एक झाली. मग २००१ मध्ये एन्रॉन ही अमेरिकेतली बडी ऊर्जा कंपनी कोसळली, तिचे हिशेब तपासणाऱ्या या संस्थेत एन्रॉनसंबंधीची कागदपत्रे नष्ट केली गेल्याचे बाहेर आले, आणि जून २००२ मध्ये संस्था दोषी ठरली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो निकाल एकमताने रद्द केला, पण तोपर्यंत वाचवण्यासारखे काही उरले नव्हते. सुमारे ८५,००० माणसांची संस्था विखुरली होती. हिशेबतपासनिसाकडे त्याच्या सहीखेरीज विकण्यासारखे दुसरे काही नसते, आणि त्या सहीवरचा विश्वास न्यायालयाच्या निकालाने परत येत नाही. त्या माणसांपैकी बहुतेकांनी एन्रॉनचा एक कागदही कधी हाताळला नसेल. मला सर्वांत जास्त बोचते ते हेच: एका माणसाच्या नकारातून जमलेली पत पुढे हजारो जणांनी वापरली, आणि मोजक्यांनी ती घालवली तेव्हा किंमत मात्र सगळ्यांनी मोजली. माझ्याकडे काम करणाऱ्या माणसांच्या घरांचा विचार केला की, ती बेफिकीर रेघेची सही मला पुन्हा आठवते.

खोकी आणि वेष्टने बनवणाऱ्यांना १९८२ हे वर्षही विसरता येत नाही. शिकागो परिसरात जॉन्सन अँड जॉन्सनच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले आणि सात जणांचा मृत्यू झाला. विष कारखान्यात मिसळले गेले नव्हते, माल दुकानांत पोचल्यावर कोणीतरी बाटल्या उघडल्या होत्या. तरीही कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या आणि काही आठवड्यांतच तिहेरी सील असलेल्या वेष्टनात ते औषध पुन्हा बाजारात आणले. सील तुटलेले असेल तर वापरू नका, ही सूचना आज जगभरच्या बाटल्यांवर दिसते, तिच्यामागे ते दिवस आहेत. मला त्यातली अर्थपूर्ण गोष्ट वेगळीच वाटते. दोष आमचा नाही, हे खरे वाक्य त्या कंपनीला बोलता आले असते. त्याऐवजी तिने ग्राहकाच्या बोटांना स्वतः तपासता येईल असे काहीतरी दिले; आमच्यावर विश्वास ठेवा असे म्हणण्याऐवजी, विश्वास ठेवण्याची गरजच कमी केली. त्याच कंपनीला पुढे टाल्कम पावडरीवरून हजारो खटल्यांना तोंड द्यावे लागले, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे. एकदा कमावलेला विश्वास पुढच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.

त्या औषधाच्या सहीनंतर मी आमच्या प्रूफचा कागद बदलून घेतला. आता मजकुराच्या प्रत्येक ओळीसमोर एक रिकामा चौकोन असतो आणि ग्राहकाने तिथे स्वतः खूण केल्याखेरीज खालची सही आम्ही धरत नाही. माझे ते जुने ग्राहक यावर थोडे दुखावले. "म्हणजे आता तुमचाच तुमच्यावर विश्वास नाही?" असे त्यांनी विचारले. मी त्यांना सांगितले की, तुमचा विश्वास मला हवा आहे, पण तुमचे डोळेही हवे आहेत. त्यांनी नाखुशीने खुणा केल्या.

याच सुमारास एका संस्थेकडून मला पुरस्काराची विचारणा झाली, ज्यात सत्काराबरोबर मुलाखत आणि छायाचित्रेही होती आणि सगळ्याचा खर्च मीच उचलायचा होता. मी नाही म्हटले. तरी अशा गोष्टींना सरसकट पोकळ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला पहिल्या भेटीचे दार उघडण्यासाठी काहीतरी लागते, आणि ज्यांना ओळखी वारशाने मिळाल्या त्यांनी इतरांच्या फलकांना हसू नये. डिसेंबर १९१२ मध्ये बँकर जे. पी. मॉर्गन यांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे विचारण्यात आले की, कर्ज हे मुख्यतः पैसा किंवा मालमत्ता पाहून दिले जाते ना. त्यांनी उत्तर दिले की, पहिली गोष्ट म्हणजे माणसाचे चारित्र्य. हे उत्तर आजही उद्योजकांपुढे कौतुकाने सांगितले जाते. पण ती समिती मुळात नेमली होती ती सगळा पैसा मोजक्या बँकरांच्या मुठीत गेला आहे का, हे शोधण्यासाठी. चारित्र्य कोणाचे चांगले हे ठरवणारी माणसे एकाच वर्तुळातली असतील, तर बाहेरच्याचे चारित्र्य त्यांना दिसणार कसे? "मालक कुठे आहेत?" असे विचारणारेही आपल्या मते चारित्र्यच पारखत होते.

प्रभावाचे असे असते की, तो आला आहे हे आपल्याला सर्वांत शेवटी कळते. व्यावसायिकांच्या एखाद्या बैठकीत आपण सहज काही बोलतो आणि काही दिवसांनी तेच वाक्य, आपल्या नावासकट, तिसऱ्याच माणसाच्या निर्णयाचे कारण झालेले असते. ब्रिटनमधले दागिन्यांचे व्यावसायिक जेराल्ड रॅटनर यांनी १९९१ मध्ये उद्योजकांच्या मेळाव्यातल्या भाषणात स्वतःच्याच मालाची चेष्टा केली; आमची कानातली एका सँडविचपेक्षा स्वस्त आहेत, पण कदाचित तितकी टिकणारही नाहीत, अशा अर्थाचे ते बोलले. सभागृह हसले. पुढे कंपनीचे बाजारमूल्य सुमारे ५० कोटी पौंडांनी घसरले, त्यांना पद सोडावे लागले आणि कंपनीला नाव बदलावे लागले. ज्यांनी ते दागिने प्रेमाने कोणाला भेट दिले होते, त्या माणसांचा विचार मला त्या आकड्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. म्हणून एखाद्या पुरवठादाराविषयी मला कोणी मत विचारले, तर आता मी फक्त माझ्या व्यवहारात जे घडले तेवढेच सांगते, आणि ऐकीव गोष्टींवर काही बोलत नाही. त्यामुळे काहींना मी हातचे राखून बोलणारी वाटते. वाटू द्यावे.

राहता राहिला प्रश्न तो माझ्यानंतरचा. माझ्या शब्दावर चालणारा व्यवसाय ही अभिमानाची गोष्ट आहे, तशी ती व्यवसायातली सर्वांत कच्ची जागाही आहे, कारण मी आजारी पडले तर शब्दही अंथरुणाला खिळतो. म्हणून या वर्षापासून माल देण्याच्या तारखा ठरवण्याचा अधिकार मी उत्पादन पाहणाऱ्या सहकाऱ्याकडे दिला आहे. तो तरुण आहे, हिशेबी आहे आणि माझ्यापेक्षा जास्त वेळा नाही म्हणतो. ग्राहक त्याच्याशी बोलून झाल्यावर मला फोन करतात आणि विचारतात, "तो म्हणतो ते पक्कं ना, ताई?" मी त्यांना पुन्हा त्याच्याकडेच पाठवते. मागच्या आठवड्यात त्याने एका मोठ्या ग्राहकाला हवी ती तारीख द्यायला नकार दिला. मी वेळापत्रक पाहिले आणि मला वाटले की थोडी ओढाताण करून ती तारीख साधता आली असती. त्याचे म्हणणे होते की त्या ओढाताणीत रंगजुळवणीची दुसरी तपासणी गळेल. ग्राहकाचा फोन आला, आवाज चढलेला होता, आणि माझ्या एका होकारासाठी ते थांबले होते. मी सांगितले की, आमची तारीख त्याने दिली आहे तीच आहे. त्यांनी निम्मी ऑर्डर दुसरीकडे दिली, उरलेल्या निम्म्या कामाचे प्रूफ आता त्यांच्याकडे गेले आहे, आणि त्यावर आमच्या बाजूने सही माझी नाही, त्या सहकाऱ्याची आहे.